शोधनिबंध आपले, यंत्र परक्याचे

मध्यमवर्गीय घरातील कपाटात विम्याची कागदपत्रे आणि मुलांची प्रगतिपुस्तके यांच्या शेजारी आताशा एक मोठा लिफाफा हमखास आढळतो. त्यात काळसर फिल्म असतात आणि त्यांवर घरातील कुणाच्या तरी मणक्याच्या, गुडघ्याच्या किंवा मेंदूच्या करड्या छटांतील प्रतिमा ओळीने मांडलेल्या असतात. डॉक्टर त्या उजेडासमोर धरून पाहतात, मणक्यामधली चकती सरकली असल्याचे सांगतात, रुग्ण मान डोलावतो आणि लिफाफा पुन्हा कपाटात जातो. शरीराला सुईचे टोकही न लावता, त्वचेवर ओरखडाही न उमटवता आतील मृदू भागांचे इतके सूक्ष्म दर्शन घडावे, ही विसाव्या शतकाने वैद्यकाला दिलेली फार मोठी देणगी आहे. ही देणगी कशी घडली, तिच्यात भारतीयांचा वाटा किती, आणि तो असूनही हे यंत्र चाळीस वर्षे परदेशातून का आणावे लागले, हे प्रश्न मात्र त्या लिफाफ्याबरोबर कपाटातच बंद होतात. ते बाहेर काढण्याची वेळ आता आली आहे, कारण भारतात घडवलेले एमआरआय यंत्र महाराष्ट्रातील एका रुग्णालयात येऊन पोहोचले आहे.

एमआरआय म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने प्रतिमा घेण्याची पद्धत. मानवी शरीराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचे अणुकेंद्र एखाद्या अतिसूक्ष्म लोहचुंबकासारखे वागते. एरवी हे असंख्य चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. रुग्णाला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवले की क्षेत्राच्या दिशेने वळलेल्यांची संख्या विरुद्ध दिशेच्यांपेक्षा थोडी अधिक होते. थोडी म्हणजे किती? रुग्णालयांत सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या १.५ टेस्लाच्या यंत्रात दर दहा लाखांमागे जेमतेम पाच! या पाचांच्या बळावर सारा खेळ चालतो. ही अणुकेंद्रे भोवऱ्यासारखी डोलत असतात आणि त्या डोलण्याची गती ठरलेली असते. १.५ टेस्लाच्या क्षेत्रात ती सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा इतकी भरते. नेमक्या त्याच कंपनसंख्येची रेडिओलहर शरीरात सोडली की अणुकेंद्रे ऊर्जा शोषून आपली दिशा बदलतात. लहर थांबवली की पूर्वस्थितीला परतताना तीच एक क्षीण रेडिओसंदेश बाहेर टाकतात. आकाशवाणीची एफएम केंद्रे ज्या पट्ट्यात ऐकू येतात, त्याच्या थोडी खालची ही कंपनसंख्या आहे. म्हणजे काही मिनिटांपुरते रुग्णाचे शरीर हेच एक प्रक्षेपण केंद्र होते आणि यंत्रातील तारेची वेटोळी ही त्याचे श्रोते! त्या खोलीच्या भिंतींना तांब्याचे अस्तर असते ते याचसाठी. बाहेरच्या रेडिओलहरी आत शिरल्या तर शरीराची ती कुजबूज ऐकूच येणार नाही.

पूर्वस्थितीला परतण्याचा वेग सर्व ऊतींमध्ये सारखा नसतो. चरबीतील अणुकेंद्रे लवकर स्थिरावतात, मोकळ्या पाण्यातील सावकाश. मेंदूचा करडा भाग आणि पांढरा भाग यांचे वेग वेगळे, सुजलेल्या ऊतीचा वेगळा, गाठीचा वेगळा. हा वेगांतील फरकच फिल्मवर छटांचा फरक होऊन उमटतो. क्ष-किरणांना हाड दिसते, कारण ते किरणांना अडवते. मज्जारज्जू, कूर्चा, स्नायुबंध यांचे तपशील मात्र क्ष-किरणांच्या साध्या चित्रात जवळजवळ हरवतात. शिवाय क्ष-किरणांच्या एका कणातील ऊर्जा या रेडिओलहरींच्या तुलनेत अब्जावधी पटींनी अधिक असते आणि ती पेशींतील रेणू मोडू शकते. रेडिओलहरींच्या अंगी ते सामर्थ्य नाही. फार तर त्या शरीराला किंचित ऊब देतात. असे असूनही या पद्धतीच्या मूळ नावातील ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द १९८० च्या दशकात पाश्चात्त्य रुग्णालयांनी गुपचूप गाळून टाकला. अण्वस्त्रांच्या धास्तीच्या त्या काळात तो शब्द ऐकूनच रुग्ण पाठ फिरवतील, ही भीती त्यामागे होती. विज्ञाननिष्ठेचे धडे जगाला देणारे समाजही शब्दांना घाबरतात, एवढेच यावरून दिसते.

धोका आहे तो लहरींचा नव्हे, चुंबकाचा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून हे क्षेत्र सुमारे तीस हजार पटींनी किंवा त्याहूनही अधिक प्रबळ असते आणि तपासणी चालू नसतानाही ते जागेच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक प्राणवायूचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि सिलिंडरासह यंत्राकडे खेचला जाऊन प्राणास मुकला. यंत्र विकत घेता येते, त्याची जाण विकत मिळत नाही. ती घडवावी लागते.

आता थोडे इतिहासाकडे वळावयास हवे, कारण या विषयातील आपले सुख आणि आपले शल्य दोन्ही तेथेच दडलेले आहेत. अणुकेंद्रांचे हे वागणे अमेरिकेत इसिडोर राबी यांनी १९३८ मध्ये प्रथम मोजले. पुढे १९४६ मध्ये स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्ड येथे एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे द्रव व घन पदार्थांत ते दाखवून दिले आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे हे रसायनशास्त्रज्ञांचे हत्यार होते. परीक्षानळीतील पदार्थाची घडण ओळखण्यासाठी ते वापरले जाई. जिवंत माणूस त्यात घालावा, असा विचार करणाऱ्याला लोकांनी वेड्यातच काढले असते.

तसे वेड तिघांना लागले. रेमंड दमादियन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींतील ऊती निरोगी ऊतींहून वेगळा संदेश देतात, हे दाखवले. त्याच वर्षी सप्टेंबरात पॉल लॉटरबर या रसायनशास्त्रज्ञाला पिट्सबर्गजवळच्या एका साध्या खाणावळीत बसलेले असताना नवी कल्पना सुचली. चुंबकीय क्षेत्र सर्वत्र सारखे ठेवण्यासाठी तोवर सारे जिवाचा आटापिटा करीत. लॉटरबर म्हणाले, त्याला मुद्दाम उतार द्यावा. म्हणजे एका टोकाची अणुकेंद्रे संथ डोलतील, दुसऱ्या टोकाची जलद. संदेशाच्या कंपनसंख्येवरूनच तो कोठून आला हे कळेल. दोष समजला जाणारा गुणधर्म त्यांनी साधन म्हणून वापरला. पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा असलेला त्यांचा निबंध ‘नेचर’ या ख्यातनाम नियतकालिकाने प्रथम साभार परत पाठवला होता आणि लॉटरबर यांनी पिच्छा पुरवल्यावर मार्च १९७३ मध्ये छापला. ते ज्या विद्यापीठात शिकवीत होते, त्या स्टोनी ब्रुकने या कल्पनेचे पेटंट घेणे फायद्याचे होणार नाही, असा निर्णय केला! दूरदृष्टीचा अभाव ही केवळ भारतीय संस्थांचीच मिरास नाही, याचा हा पुरावा जपून ठेवण्यासारखा आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील पीटर मॅन्सफील्ड यांनी याच वाटेवर गणिताची आणि वेगाची भर घातली. पंधराव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात उमेदवारी केलेला हा मुलगा पुढे पदार्थवैज्ञानिक झाला. सेकंदाच्या अंशात प्रतिमा टिपण्याची त्यांची युक्ती १९७७ ची. त्याच वर्षी ३ जुलै रोजी दमादियन यांनी आपल्या सहकाऱ्याला स्वतः उभारलेल्या यंत्रात बसवून मानवी छातीची पहिली प्रतिमा घेतली. त्या एका प्रतिमेला जवळजवळ पाच तास लागले.

२००३ मध्ये नोबेल पारितोषिक लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळाले, दमादियन यांना वगळून. त्यांनी अमेरिकेच्या मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध नोंदवला. जाहिरातीतून पारितोषिक मागणे शोभून दिसले नाही, हे खरे. परंतु गाठ आणि निरोगी ऊती यांतील फरक या मार्गाने दिसू शकेल हे ज्याने दाखवले, त्याच्या नावाला तिसरी जागा रिकामी असताना ती न देणे हेही न्यायाचे म्हणता येत नाही.

हा इतिहास पाश्चात्त्य ग्रंथांत असाच, तीन-चार नावांनी संपतो. प्रत्यक्षात त्याला आणखी तीन नावे जोडावी लागतात आणि ती तिन्ही भारतीय आहेत.

पहिले नाव एस. एस. धर्मट्टी. ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड येथील गटात आर्नोल्ड आणि पॅकार्ड या दोन अमेरिकी सहकाऱ्यांसह त्यांनी १९५१ मध्ये साध्या मद्यार्कावर प्रयोग केला. मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजन तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतो. त्या तीन ठिकाणांचे तीन वेगळे संदेश या तिघांनी स्पष्टपणे उमटवून दाखवले. अणूच्या शेजाऱ्यांवरून अणूचा पत्ता सांगण्याची सारी आधुनिक विद्या त्या तीन शिखरांवर उभी आहे आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती आजही छापली जातात. धर्मट्टी परत आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचे काम उभे केले.

दुसरे नाव जी. सूर्यन यांचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील या संशोधकाने त्याच १९५१ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात पाच पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी नळीतून द्रव वाहू दिला, तेव्हा अणुकेंद्रांचा संदेश वाहण्याच्या वेगानुसार बदलतो असे त्यांना आढळले. वेटोळ्याच्या आत जुनी, थकलेली अणुकेंद्रे निघून जाऊन ताजी येत राहतात, म्हणून हा बदल. द्रव म्हणजे रक्त मानले, नळी म्हणजे रोहिणी मानली की या निबंधाचे मोल ध्यानात येते. आठ वर्षांनी, १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात जेरोम सिंगर यांनी याच तत्त्वाने जिवंत प्राण्यातील रक्तप्रवाह मोजला. आज मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र कोणतेही औषध न टोचता काढले जाते, त्या पद्धतीची मुळे शोधत गेले की वाट बंगळूरला पोहोचते.

तिसरे नाव अनिल कुमार. स्वित्झर्लंडमध्ये रिचर्ड अर्न्स्ट यांच्याकडे काम करीत असताना वेल्टी आणि अर्न्स्ट यांच्यासह त्यांनी १९७५ मध्ये जो निबंध लिहिला, त्यावर त्यांचे नाव पहिले आहे. लॉटरबर यांची पद्धत वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या छायांवरून चित्र जुळवण्याची होती. अनिल कुमार यांच्या निबंधाने उतार एकामागून एक वेगवेगळ्या दिशांना देऊन, फूरिए यांच्या गणिताने थेट चित्र उलगडण्याचा मार्ग दाखवला. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या गटाने १९८० मध्ये त्याला व्यवहार्य रूप दिले आणि आज जगातील बहुतेक सर्व यंत्रे त्याच घराण्याची पद्धत वापरतात. अर्न्स्ट यांना १९९१ मध्ये नोबेल मिळाले. अनिल कुमार बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करीत राहिले. सर्वसामान्य भारतीयाला त्यांचे नाव ठाऊक नाही.

येथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. संजयाच्या दिव्यदृष्टीत दूरचित्रवाणी आणि पुराणांतील प्रत्येक अस्त्रात क्षेपणास्त्र शोधणारे संदेश आपल्या भ्रमणध्वनींवर रोज येऊन आदळतात आणि सुशिक्षित घरांतूनही ते पुढे ढकलले जातात. ज्यांना अभिमानासाठी विषय हवा आहे, त्यांच्यापुढे धर्मट्टी, सूर्यन आणि अनिल कुमार यांचे छापील, तपासून पाहता येणारे, जगाने मान्य केलेले काम आहे. त्यासाठी कुणाशी वाद घालण्याची गरज नाही, फक्त ग्रंथालयात जावे लागते. मात्र हा अभिमान मिरवताना दुसरी बाजू झाकता येत नाही. तीन वेळा योग्य ठिकाणी योग्य माणूस असूनही, १९८० च्या दशकाच्या मध्यास देशात पहिली एमआरआय यंत्रे आली ती आयात होऊनच. आणि पुढच्या चार दशकांत कोट्यवधी रुपयांची यंत्रे अमेरिका, जर्मनी, नेदरलँड्स, जपान येथील कंपन्यांकडून येत राहिली. जिल्ह्याच्या गावी तपासणी केंद्राच्या फलकावर ‘जर्मन तंत्रज्ञान’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि तोच विश्वासाचा शिक्का मानला जातो.

असे का झाले? बुद्धी कमी पडली म्हणावे तर ती तीन वेळा सिद्ध झालेली. पैसा नव्हता म्हणावे, तर त्याच निर्धन देशाने उपग्रह सोडले. ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत धर्मट्टी होते, तिच्याच गोविंद स्वरूप यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची विराट रेडिओ दुर्बीण उभी केली. आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपणे आणि शरीरातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपणे, या विद्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी नसल्या तरी चुलत बहिणी निश्चित आहेत. फरक एवढाच, की दुर्बीण बांधणारा आणि वापरणारा एकच होता. उपग्रहाचेही तेच, घडवणारा आणि मागणी करणारा दोघेही शासनाच्या एकाच घरातले. एमआरआयचे तसे नव्हते. तत्त्व जाणणारा पदार्थवैज्ञानिक एका गावात, यंत्र घडवू शकणारा अभियंता दुसऱ्या गावात, ते वापरणारा डॉक्टर तिसरीकडे आणि पैसे मोजणारे रुग्णालय चौथीकडे. या चौघांनी एका मेजाभोवती बसावे, अशी व्यवस्थाच कोणी केली नाही. शोधनिबंध छापून आला की पदार्थवैज्ञानिकाचे कर्तव्य संपले, यंत्र आयात झाले की रुग्णालयाचे.

चौघे एकत्र आले की काय होते, याचेही उदाहरण देशात आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी रुग्णालय आणि तंत्रशाळा एकाच संस्थेच्या छत्राखाली आणून हृदयाची कृत्रिम झडप बनवण्याचा संकल्प सोडला. पहिली रचना फसली. दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथी टिकली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसली. त्यानंतर लाखाहून अधिक रुग्णांना तिचा लाभ झाला, तोही आयात झडपेच्या तुलनेत कितीतरी कमी खर्चात. याच वलियाथन यांनी पुढे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांचा सखोल अभ्यास करून त्यांवर ग्रंथ लिहिले. परंपरेचा आदर आणि प्रयोगशाळेतील चिकाटी एका माणसात कशी नांदते, हे पाहायचे असेल तर २०२४ मध्ये निवर्तलेल्या या शल्यविशारदाचे चरित्र वाचावे. तीन अपयशे पचवण्याइतका धीर त्यांना आणि त्यांच्या संस्थेला होता, ही त्या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. आपल्या लेखापरीक्षणाच्या पद्धतीत एका अपयशालाही जागा नसते.

एमआरआय यंत्र घडवणे हे झडपेहून कितीतरी अवघड काम आहे, हेही मान्य केले पाहिजे. त्याच्या पोटात अतिसंवाहक तारेची मैलोगणती वेटोळी असतात. विजेला अजिबात विरोध न करण्याचा गुण त्या तारेत यावा म्हणून ती उणे २६९ अंश सेल्सिअसला थंड ठेवावी लागते आणि त्यासाठी नेहमीच्या यंत्रात हजार-दीड हजार लिटर द्रवरूप हेलियम भरलेला असतो. चुंबकीय क्षेत्र इतके सम असावे लागते की त्यातील चूक दशलक्षांशांत मोजतात. क्षेत्राला क्षणोक्षणी उतार देणारी वेटोळी प्रचंड विद्युत्प्रवाहाने थरथरतात. रुग्णाला ऐकू येणारा तो हातोड्यासारखा ठोकाठोकीचा आवाज त्यांचाच. त्यावर पुन्हा संगणकाची सारी गणिते. यांपैकी हेलियम हा तर आपला नित्याचा अडसर. तो नैसर्गिक वायूबरोबर मिळतो, अमेरिका आणि कतार हे त्याचे मोठे उत्पादक आणि भारताला तो आयात करावा लागतो. वास्तविक या मूलद्रव्याचा माग प्रथम लागला तो भारताच्या आकाशातील १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाने पेटलेल्या शोधातून. गुंटूर येथून फ्रान्सच्या जान्सेन यांनी सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी एका अनोळखी पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली. विजयदुर्गच्या किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला अशी कोकणात समजूत आहे आणि तेथे तो दिवस साजराही होतो. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरे, पण ते १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचे महत्त्व याने तिळभरही उणे होत नाही.

चित्र आता पालटू लागले आहे. पवईच्या आयआयटी परिसरातील ‘समीर’ ही केंद्र शासनाची संस्था १९८४ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच एका सूक्ष्मलहरी विभागातून वेगळी झाली. कर्करोगावरील किरणोपचारासाठी लागणारे स्वदेशी यंत्र तिने पूर्वीच बनवले होते. तिच्या पुढाकाराने, दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्र आणि सी-डॅक यांच्या सहभागाने १.५ टेस्लाचे स्वदेशी एमआरआय यंत्र विकसित झाले आणि रुग्णांवरील चाचण्यांसाठी ते दिल्लीच्या एम्समध्ये बसवण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. दुसरीकडे बंगळूरच्या व्हॉक्सेलग्रिड्स या छोट्या कंपनीने अर्जुन अरुणाचलम यांच्या नेतृत्वाखाली बारा वर्षे खपून स्वतःचे १.५ टेस्लाचे यंत्र घडवले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले आणि २०२५ मध्ये ते चंद्रपूर कॅन्सर केअर फाउंडेशनच्या रुग्णालयात बसले. या यंत्राला द्रवरूप हेलियमचा साठा लागत नाही, ही त्याची विशेष गोष्ट. मोठ्या परदेशी कंपन्याही याच दिशेने जात आहेत. फिलिप्सने २०१८ मध्ये अवघ्या सात लिटर हेलियमवर चालणारा बंदिस्त चुंबक आणला. पण या वेळी भारतीय यंत्र त्या शर्यतीत मागून टाळ्या वाजवीत नाही, बरोबरीने धावते आहे.

खरी कसोटी मात्र यापुढे आहे आणि ती प्रयोगशाळेत नव्हे, खरेदी खात्यात लागणार आहे. स्वदेशी मालाला प्राधान्य देण्याचा केंद्राचा आदेश २०१७ पासून लागू आहे. त्याच वेळी, बोली लावणाऱ्याने पूर्वी अमुक इतकी यंत्रे पुरवलेली असावीत, त्याच्याकडे अमेरिकी वा युरोपीय प्रमाणपत्र असावे, अशा अटी शासकीय निविदांतून डोकावत असल्याची देशी उत्पादकांची तक्रार जुनी आहे. पहिले यंत्र विकले गेल्याखेरीज अनुभव येणार नाही आणि अनुभवाखेरीज पहिले यंत्र विकले जाणार नाही! अधिकाऱ्याचीही एक अडचण असते. नामांकित परदेशी यंत्र बंद पडले तर कोणी त्याला जाब विचारत नाही, देशी यंत्र बंद पडले तर चौकशी लागते. हा हिशेब बदलल्याखेरीज आदेशाचा कागद कागदच राहील. चीनने हे फार आधी ओळखले. शांघायमध्ये २०११ मध्ये स्थापन झालेली युनायटेड इमेजिंग ही कंपनी आज ५ टेस्लाचे यंत्र बनवते, कारण तेथील रुग्णालयांनी तिची सुरुवातीची यंत्रे घेतली. त्या राज्यपद्धतीचे अनुकरण नको. खरेदीच्या निर्धाराचे करण्यास हरकत नाही.

भारताच्या दृष्टीने आणखी एक वाट अधिक उजळ दिसते. क्षेत्र प्रबळ करण्याच्या शर्यतीतून मुद्दाम बाहेर पडून, साध्या कायम चुंबकांवर चालणारी दुर्बल क्षेत्राची यंत्रे जगात आकार घेत आहेत. अमेरिकेत अवघ्या ०.०६४ टेस्लाच्या, चाकांवर ढकलत रुग्णाच्या खाटेशी नेता येणाऱ्या यंत्राला २०२० मध्ये मान्यता मिळाली. हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये ०.०५ टेस्लाच्या यंत्राने घेतलेल्या संपूर्ण शरीराच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. ते यंत्र भिंतीवरच्या साध्या प्लगवर, १८०० वॉट विजेत चालते. त्याला तांब्याच्या अस्तराची खोलीही लागत नाही, भोवतालचा गोंगाट संगणक वजा करतो. प्रतिमा मोठ्या यंत्राइतकी सुबक नसते. पण पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या काही तासांत मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे जेथे कळण्याची सोयच नाही, तेथे सुबकतेचा प्रश्न नंतरचा. असे यंत्र घडवण्यास लागणारी रेडिओविद्या, चुंबकविद्या आणि संगणककौशल्य या तिन्ही गोष्टी या देशात, बऱ्याच अंशी मुंबई-पुणे-बंगळूर या पट्ट्यात, आजही उपलब्ध आहेत.

चंद्रपूरच्या यंत्राबाबत एक काम ताबडतोब करता येईल. तेथील प्रतिमा आणि आयात यंत्रावरील प्रतिमा, कोणती कशावरची हे झाकून, विदर्भातील आणि मुंबईतील अनुभवी रेडिओलॉजिस्टांपुढे ठेवाव्यात आणि त्यांचे निर्णय जसेच्या तसे प्रसिद्ध करावेत. जेथे देशी प्रतिमा कमी पडेल, ती उणीव नेमक्या शब्दांत बंगळूरच्या अभियंत्यांकडे पोहोचावी. जेथे ती बरोबरीची ठरेल, तेथे पुढच्या जिल्हा रुग्णालयाच्या निविदेतून पूर्वानुभवाची अट वगळावी. वैद्यकीय महाविद्यालयांना, वैद्यकांच्या संघटनांना आणि आरोग्य विभागाला हे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही, स्वतंत्र निधीही लागत नाही. लागतात ते काही दिवस आणि डोळ्यांवरचा परदेशी नाममुद्रेचा चष्मा बाजूला ठेवून फिल्म पाहणारे चार-सहा प्रामाणिक डॉक्टर.